बंद दारामागची टकटक

आक्काचे कान असे तिखट होते, की दोन खोल्या पलीकडे कुणी बरणीचं झाकण उघडलं तरी ती इथून ओरडायची, "काय शोधतेस गं?" या कानांचा तिला भारी अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही. वीस वर्षं कोंबड्यांच्या शेडमध्ये काढल्यावर आत जाऊन बघायची तिला फारशी गरज उरली नव्हती. पडद्याबाहेर उभी राहून जरा कानोसा घेतला, की आत काय चाललंय ते ती धडाधड सांगे. कोंबड्या बिचकल्यात, भुकेल्यात, कोपऱ्यातल्या दोघी-तिघींना सर्दी झालीय, सगळं. आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, तिने कानांवर इतकी भिस्त ठेवली नसती.

शेड अरुंद आणि लांबलचक होतं. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला सबंध भिंत आणि दोन्ही बाजूंना जाळी, त्यावर गोणपाटाचे पडदे. दाराशेजारी उंचावर पाण्याची टाकी. तिथून निघालेले चार पाइप कोंबड्यांच्या मानेच्या उंचीवरून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलेले. पाइपांना खालून वीत-वीत अंतरावर बोंडाएवढे निपल बसवलेले होते आणि प्रत्येकात एक बारीक पिन. कोंबडीने पिनेवर चोच मारली की थेंब पडतो, तो तिने प्यायचा. उघडं भांडं नाही, त्यामुळे पाण्यात विष्ठा नाही, भुसा नाही, मेलेली माशी नाही. आक्काला हे फार आवडे, कारण घाण पाण्याची तिला मनापासून चीड होती. शिवाय या पाइपांना आवाज होता. शेकडो चोची पिनांवर पडल्या की पत्र्यावर सतत धान्य सांडत राहावं तशी टकटक चालू राही. दुपारच्या उन्हात हा आवाज ऐकला की आक्काला घरात सगळे पोटभर जेवल्यासारखं वाटे. घरच्या सगळ्यांना तिने एक धडा शिकवून ठेवला होता: टकटक चालू आहे ना, मग काळजी नाही.

या वेळी शेडमध्ये अठराशे कोंबड्या होत्या. तुरे नुकते लालसर व्हायला लागले होते, पण अंडं अजून एकीनेही दिलं नव्हतं. आणखी पंधरा दिवसांत देणार होत्या. आक्काचा धाकटा भाऊ अंडी निवडायचं यंत्र आणायला तीन दिवसांसाठी बाहेरगावी गेला होता. निघताना चपला घालता घालता तो म्हणाला होता, "आक्का, एवढे तीन दिवस सांभाळ. ऊन वाईट पडणार आहे. यांना आता धक्का बसला ना, तर मी पुढची पिल्लं आणणार नाही. शेड बंद. मला पुन्हा पुन्हा हे झेपायचं नाही."

तो सहज बोलून गेला, पण आक्काच्या काळजात ते रुतलं. शेड बंद म्हणजे तिने सकाळी उठून करायचं काय? नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. भावाच्या घरात तिला जो मान होता तो या शेडमुळे होता, हे ती स्वतःशी तरी नाकारत नव्हती.

त्यात घरात आता सिस्टर होती. सिस्टर म्हणजे भावाची बायको. लग्नाला सहा महिने झाले होते. ती इस्पितळात नर्स होती, म्हणून आक्काने पहिल्याच आठवड्यात थट्टेने तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. मुलगी वाईट नव्हती. आक्काला मदत व्हावी म्हणून तिने मुद्दाम तीन दिवस रजा काढली होती. पण पूर्वी या घरात "आक्काला विचारा" हे दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं, आणि आता भाऊ बायकोलाही विचारायचा. ते आक्काला झोंबायचं. अगदी साध्या गोष्टीतही झोंबायचं.

भाऊ गेला त्या दिवसापासून ऊन चढायला लागलं. पहिल्या दिवशी नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी दाराची कडी हाताला चटका देऊ लागली. रस्त्यापलीकडच्या पोल्ट्रीवाल्याच्या तीसेक कोंबड्या त्या दुपारी गेल्या. आक्काने तर भाऊ गेला त्याच दिवशी कंबर कसली होती. टाकीवर ओली पोती टाकली, आत बर्फाच्या लाद्या सोडल्या. उन्हाळ्यात पाण्यातून द्यायची क्षार आणि साखरेची पावडर येते, तीही घातली. पाकिटावर लिहिलेल्या मापाने घातली आणि वर आणखी दोन मुठी.

"मापात घालायची असेल ना?" सिस्टरने विचारलं होतं.

"साखर जास्त झाली म्हणून कुणाचं काही बिघडलंय का?" आक्का म्हणाली. "पोरी आहेत माझ्या. खाऊ देत."

एरवी आक्का रोज पहाटे चारी पाइपांची मागची टोकं उघडून रात्रीचं शिळं पाणी सोडून द्यायची. स्वच्छ पाणी खळाळून बाहेर पडेपर्यंत हटायची नाही. पण पुढच्या दोन सकाळी तिने टोकं उघडलीच नाहीत. इतकं चांगलं, पावडर घातलेलं पाणी नाल्यात सोडायचं तिच्या जिवावर आलं. पाइपात उरलेलं असेल तर असू दे, तेवढंच त्यांच्या पोटात जाईल, असा तिचा सरळ विचार. गोड पाणी तापलेल्या पाइपात दोन रात्री पडून राहिलं तर त्याचं काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. स्वयंपाकघरात तिने तसं पातेलं तासभरही ठेवलं नसतं. पण पाइपाच्या आतलं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची शिसारी येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती शेडमध्ये जाऊन आली. अर्ध्यापर्यंत गेली. कोंबड्या पंख सैल सोडून धापा टाकत होत्या, पण पीत होत्या. निपलखाली बोट धरलं तर थेंब आला. गुडघा ठणकत होता म्हणून मागच्या भिंतीपर्यंत काही गेली नाही. मग तिने दोन्ही बाजूंचे पडदे जमिनीपर्यंत सोडले, भिजवले, दार लावून घेतलं आणि सिस्टरला बजावलं, "आता चार वाजेपर्यंत आत पाय टाकायचा नाही. पडद्याची कडही उचलायची नाही."

हा नियम तिच्या लहरीचा नव्हता. भर उन्हात कोंबड्या बिथरल्या की धावतात, एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालच्या गुदमरतात. आठ वर्षांपूर्वी वायरमनने दुपारी खाडकन दार उघडलं होतं. त्या दिवशीचा तो ढीग आक्काने स्वतःच्या हातांनी उपसला होता. तेव्हापासून दुपारचं दार म्हणजे दगडावरची रेघ.

बारानंतर वारा पडला. रस्त्यावर माणूस दिसेना. समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं पाडलं आणि तोही आत गडप झाला. आक्का शेडच्या सावलीत स्टूल टाकून बसली, मांडीवर ओलं फडकं. आतून टकटक येत होती, आणि काय येत होती! तिने इतकी दाट टकटक वर्षानुवर्षांत ऐकली नव्हती. थांबायचं नाव नाही. मागच्या बाजूने तर नुसता कल्लोळ होता. मागची भिंत तापते, म्हणून मागच्यांना तहान जास्त, असं तिने ताडलं आणि स्वतःच्याच कानांना मनातल्या मनात शाबासकी दिली.

एक वाजता भावाचा फोन आला. "आक्का, इथे डांबर वितळायला लागलंय. आपल्याकडे कसंय? पाणी पितायत ना?"

"मी कशाला सांगू? तूच ऐक." तिने उठून फोन पडद्याला लावला.

तो हसायलाच लागला. "अगं, कारखाना सुरू केलायस की काय!"

"मग? जेव तू निवांत."

सिस्टर पायरीवर बसून हे ऐकत होती. ती हसली नाही. थोड्या वेळाने उठून शेडच्या कडेकडेने मागपर्यंत चालत गेली, तिथे बराच वेळ उभी राहिली आणि परत आली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"आक्का, मागचा आवाज मला बरा वाटत नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत. पण पुढच्या बाजूला टक होतं, मग जरा थांबतं, मग टक होतं. म्हणजे मधे गिळत असतील. मागे थांबतच नाही. नुसत्या मारतायत."

"तहान लागलीय त्यांना."

"तेच म्हणतेय मी. तासभर पितायत, तरी तहान कमी कशी होत नाही?"

आक्काने फडकं पिळलं. "चोच मारल्याशिवाय पाणी येतं का?"

"पण चोच मारली की पाणी येतंच, असं कुठंय?"

हे आक्काला लागलं. इतकं सरळ वाक्य, आणि तेही सहा महिन्यांपूर्वी आलेल्या बाईच्या तोंडून. वीस वर्षांत हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलंही, पण रागाने ते पुढे येऊ दिलं नाही.

"सकाळी मी बोट लावून बघितलंय. थेंब आलाय."

"मागे बघितलंत?"

आक्काने फडकं मांडीवर झटकलं. मग म्हणाली, "तू तुझ्या पेशंटांचं बघ."

"मी एकटीच जाते. हळूच जाते. दार वीतभर उघडते फक्त." सिस्टर दाराकडे वळली.

आक्काचा गुडघा नेमका त्या वेळी दुखला नाही. ती उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात तिने चौकटीवर टेकवले. "माझ्या अंगावरून जा मग," ती म्हणाली. "जा. आणि ढीग झाला की तुझ्या नवऱ्याला तू तोंड दाखव."

दीड वाजला होता. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, आणि आक्काच्या पाठीमागे, फळीपलीकडे, ती टकटक सैरावैरा चालली होती. तिचा कंप आक्काला खांद्यांत जाणवत होता. सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ती मागे फिरली. मोठ्या नणंदेला ढकलून दार उघडायचं तिच्याच्याने झालं नाही. ती घरामागे निघून गेली. बादल्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

दोन वाजले. अडीच वाजले. आक्काने पडद्यांवर आणखी पाणी मारलं. ते जमिनीवर पडायच्या आतच सुकत होतं. पडद्यातून येणारी हवा उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी तोंडावर येत होती. आत पंखे घरघरत होते.

मग पावणेतीनच्या सुमाराला टकटक विरळ झाली. आधी मागे, मग मधल्या भागात. दाट होती ती मोजता येण्यासारखी झाली, आणि मागच्या बाजूने तर अगदीच एखाद-दुसरी. आक्काने मोठा श्वास सोडला. खांदे उतरले. भरली एकदाची पोटं, ती स्वतःशी म्हणाली. आता बसतील शांत. तिला इतकं हलकं वाटलं, की आत जाऊन तिने चहा टाकला, दोन कप टाकला. भांडण ताणून धरायची तिची सवय नव्हती.

सिस्टर घरामागे मोटरच्या पंपाशेजारी जमिनीवरच बसली होती. आक्काने कप पुढे केला. "घे. उगाच जीव टांगणीला लावून घेतलास. निजल्या बघ सगळ्या."

सिस्टरने कप घेतला नाही. "आवाज थांबला?"

"मागचा थांबला. पुढच्या टकटक करतायत थोडी-थोडी."

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. ऑपरेशन झालेलं, पाणी द्यायचं नव्हतं. दुपारभर पाणी पाणी करत होते. चार वाजता गप्प झाले. मी नवीन होते. मी वहीत लिहिलं, पेशंट झोपलाय." तिने पंपाकडे बोट केलं. "आक्का, हा पंप रोज दुपारपर्यंत किती वेळा सुरू होतो?"

"टाकी खाली गेली की आपोआप होतो. उन्हाळ्यात तीनदा, चारदा."

"सकाळी मी इथेच धुणं केलं, आणि दीडपासून इथेच बसलेय. तो एकदाही सुरू झाला नाही."

आक्का उभीच राहिली. पंपाचा घुरघुराट तिच्या इतका ओळखीचा होता, की झोपेतही तो सुरू झाला तर ती कूस बदलायची. आज तो झालाच नव्हता. जे आवाज झाले ते सगळे तिने ऐकले होते. जो झाला नाही तो मात्र तिच्या कानांनी साफ चुकवला होता. टाकीत पाणी भरपूर होतं, बर्फ घातलेलं, गार, आणि ते तिथेच होतं.

आक्का धावली. तिने कडी काढली तेव्हा दार उघडल्याने कोंबड्या बिथरतील हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि त्या बिथरल्याही नाहीत. दाराजवळच्या चोच उघडी ठेवून धापा टाकत होत्या, पण पायांवर होत्या. पाचव्या-सहाव्या खांबापर्यंत तसंच. त्यापुढच्या बसलेल्या होत्या. त्याच्यापुढच्या आडव्या. आणि मागच्या भिंतीपाशी पाइपांच्या बरोबर खाली त्या रांगेने पडल्या होत्या, चार पाइपांच्या चार रांगा, एकीवर एक. कुणी कोपऱ्यात पळाली नव्हती. शेवटपर्यंत त्यांनी निपल सोडला नव्हता. मेलेल्यांवर पाय देऊन उभी राहिलेली एक कोंबडी अजून पिनेवर चोच मारत होती. टक. टक. खालचा भुसा कोरडा ठाक होता.

आक्काने पिन बोटाने वर दाबली. काहीच आलं नाही. शेजारची दाबली. त्याच्या शेजारची. सिस्टरने मागच्या टोकाची टोपी पिरगळून काढली तेव्हा पाण्याऐवजी शेंबडासारखा करडा गोळा लोंबत बाहेर आला. आंबूस वास सुटला. गोळा तुटून पडला, मग आणखी एक, आणि मग टाकीतलं गार, स्वच्छ पाणी धो-धो वाहत मेलेल्या कोंबड्यांच्या अंगावरून जाऊ लागलं.

"बादल्या," सिस्टर ओरडली. "परात, टब, जे असेल ते आणा."

दोघींनी घरातली असतील नसतील ती भांडी आणून मागच्या भागात पाण्याने भरून मांडली. ज्या जिवंत होत्या त्यांच्या अगदी पुढ्यात. पण एकही कोंबडी खाली वाकली नाही. जन्मल्यापासून त्यांनी पाणी पाइपातून, मान वर करून, थेंबाथेंबाने प्यायलं होतं. उघडं पाणी म्हणजे काय हे त्यांना माहीतच नव्हतं. परातीच्या काठाला छाती टेकून त्या वर पाइपाकडे बघत होत्या.

"एकेकीची चोच बुडवावी लागेल," आक्का म्हणाली.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

मग त्या दोघी पाण्यात, चिखलात, पिसांत फतकल मारून बसल्या. सिस्टर उचलून द्यायची, आक्का चोच बुडवायची. गिळलं तर बाजूला, नाही गिळलं तर पुन्हा. बसलेल्या शेकड्यांनी होत्या आणि हात चार होते. कुठली आधी घ्यायची हे ठरवायला वेळ नव्हता. एकीला पाजेपर्यंत शेजारची मान टाकत होती, आणि ते दोघींना दिसत होतं.

बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाली, "यांना फोन मी करते. उन्हाने गेल्या म्हणून सांगते. आजच्या दिवशी कुणी शंका घेणार नाही."

ती खरंच वाचवू बघत होती. आक्काला ते कळलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हो म्हणावंसं वाटलं. शेड, सकाळ, घरातली जागा, सगळं त्या एका वाक्याला टांगलेलं होतं.

"ऊन तर पुढच्यांवरही तेवढंच होतं," ती म्हणाली.

सिस्टरने परात जवळ ओढली.

"तू दीड वाजता सांगितलंस. तेव्हा या सगळ्या जिवंत होत्या. मी ऐकत होते ना त्यांना. त्या मागत होत्या, आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. खूश होत होते." तिने डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. "फोन मी करीन. सगळं सांगीन. आधी ती दे इकडे."

सिस्टरने पुढची कोंबडी तिच्या हातात दिली. अंग चटका बसेल इतकं तापलेलं होतं, पण मान अजून धरलेली होती. आक्काने तिची चोच पाण्यात बुडवली, वर उचलली आणि थांबली. पाणी चोचीच्या कडेने ओघळून गेलं. आक्काने ती पुन्हा बुडवली.